गालाकडून उसनं घेतलेलं नाक

देवदिवाळीला सातारा जिल्ह्यात, माणदेशातल्या म्हसवडमध्ये सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला, देवाचं लग्न लागलेलं असतं; मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेचा रथ म्हणजे त्या लग्नाची वरात. गुलाल-खोबऱ्याची उधळण, माणगंगेचं पात्र, 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. माझा विषय रस्त्याच्या कडेला आहे. खेळण्यांच्या पालात बांबूला टांगलेला, कानांजवळ रबरी दोरी मारलेला, प्लास्टिकचा मारुतीचा मुखवटा. म्हसवडच कशाला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही जत्रेत तो असतो. पोर हट्ट करतं, आजोबा पैसे काढतात, आणि घरी पोचेपर्यंत दोरीची पिन निघालेली असते. रसग्रहण करावं अशी ही वस्तू नाही, असं कुणी म्हटलं तर मला पटणार नाही. पुष्कळ कवितांपेक्षा ती जास्त प्रामाणिक आहे, कारण ती कशी झाली ते तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. फक्त वाचता आलं पाहिजे.

मुखवटा पुढून पाहू नये. पुढून तो नुसता मारुती असतो. तो उलटा करून उन्हाकडे धरावा. रंगाचा थर पातळ असेल तर प्लास्टिक कुठे जाड आणि कुठे विरळ हे लगेच कळतं. कडेची सपाट पट्टी सगळ्यात गडद दिसते. कपाळ त्याहून जरा उजळ. गालावरून नाकाकडे जाताना उजेड वाढत जातो, आणि नाकाच्या शेंड्याशी प्लास्टिक इतकं पातळ असतं की बोटानं दाबलं तर नाक आत जातं आणि 'टप्' असा आवाज करत परत बाहेर येतं.

हे नाक आलं कुठून? दगडातलं नाक आजूबाजूचा दगड काढून टाकल्यावर उरतं. पितळेचं नाक साच्यात रस ओतल्यानं भरतं. इथे काही काढलेलं नाही आणि काही ओतलेलंही नाही. एक सपाट शीट चारी बाजूंनी चौकटीत घट्ट आवळली, तापवून मऊ केली, साच्यावर धरली आणि खालची हवा काढून घेतली. कडा आवळलेल्या असल्यामुळे बाहेरून कणभरही प्लास्टिक आत सरकत नाही. म्हणजे नाकाला जे लागलं ते सगळं शेजारच्या गालातूनच ताणून घ्यावं लागलं. नाक उंच हवं तर गाल पातळ होणार, किंवा नाक स्वतः पातळ होणार. उंची फुकट मिळत नाही, ती जाडीतून फेडायची असते. या कलेचं सगळं सौंदर्यशास्त्र मला या एका व्यवहारात दिसतं. कारागीर चांगला की सामान्य, हे त्यानं कुणाकडून किती उसनं घेतलं यावरून ठरतं.

हिशेब अगदी शाळेतला आहे. वर्तुळाकार शीटमधून अर्धा गोल ओढला तर क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणून सरासरी जाडी निम्मी. एक मिलिमीटरची शीट सरासरी अर्ध्या मिलिमीटरवर येते. दहा सेंटिमीटर चौरस तोंडाची आणि दहाच सेंटिमीटर खोल पेटी ओढायची म्हटलं तर शंभर चौरस सेंटिमीटरच्या प्लास्टिकला पाचशे चौरस सेंटिमीटर झाकायचे असतात, म्हणजे सरासरी जाडी एक पंचमांश. आणि ही झाली सरासरी. कोपऱ्यात काय उरतं ते सरासरीवरून कळत नाही. म्हणून या पद्धतीनं केलेल्या वस्तू उथळ असतात आणि खोल असल्या तर तोंडाशी रुंद असतात. मारुतीचा चेहरा या पद्धतीला फार मानवतो. फुगीर गाल, रुंद जबडा, हळूहळू उठणारं नाक. गरुडाची चोच हे तिचं काम नव्हे.

आता एक बारकावा, आणि हा लक्षात आला की वाचनाची गोडी वाढते. साचा दोन तऱ्हेचा असतो. एक उठावाचा, म्हणजे टेबलावर ठेवलेलं तोंड. शीट त्याच्यावर पडते. दुसरा खोलगट, म्हणजे तोंडाचा उलटा ठसा. शीट त्याच्यात ओढली जाते. मऊ शीट गार साच्याला जिथे पहिल्यांदा टेकते तिथेच ती थिजते आणि तिचं ताणणं थांबतं. उठावाच्या साच्यावर नाकाचा शेंडा सर्वांत आधी टेकतो, म्हणून तो जाडजूड राहतो आणि पुढचं सगळं ताणणं नाकाच्या बाजूंवर आणि कडेच्या उतारावर पडतं. खोलगट साच्यात गाल आधी टेकतात. नाक सगळ्यात खोल असल्यानं ते शेवटी पोचतं आणि त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. उन्हाकडे धरलेल्या मुखवट्यात नाक उजळ दिसलं तर साचा खोलगट. नाक गडद आणि त्याच्या दोन्ही अंगांना उजेडाच्या पट्ट्या दिसल्या तर साचा उठावाचा. साचा कुठल्या गल्लीत, कुठल्या कारखान्यात पडलाय कोण जाणे, पण त्याची जात इथे पालाखाली उभं राहून सांगता येते.

याला दुसरा पुरावाही मिळतो. साच्याला हवा जायला बारीक भोकं असतात. भोक जरा मोठं झालं की मऊ प्लास्टिक त्यात घुसतं आणि वस्तूवर मोहरीएवढा फोड राहतो. हे फोड साच्याला टेकलेल्या बाजूवरच उठतात. मुखवट्याच्या आतून बोट फिरवताना ते लागले तर प्लास्टिक उठावाच्या साच्यावरून आलंय. मारुतीच्या गालावर, बाहेरच्या अंगाला दिसले तर खोलगटातून. भुवयांच्या कडाही हेच सांगतात. उठावाच्या साच्यावर बारकावे आतल्या बाजूला स्पष्ट उमटतात आणि बाहेर येईपर्यंत प्लास्टिकच्या जाडीनं बोथट होतात. म्हणूनच काही मुखवट्यांच्या आतला मारुती बाहेरच्यापेक्षा देखणा असतो! तो पाहायला कुणी जात नाही, कारण तो घालणाऱ्याच्या तोंडाकडे असतो.

मग जे नाही ते पाहावं. नाकपुड्या नसतात. असतात त्या रंगवलेल्या किंवा नंतर कापलेल्या. कानाच्या मागे मोकळी जागा नसते. कान चेहऱ्यातून सुटत नाही, फक्त उठतो. ओठ उघडे असले तरी त्यांच्या आत पोकळी नाही. कारण साधं आहे. प्लास्टिक गार झालं की ते साच्यावरून सरळ वर निघालं पाहिजे. कुठे आतली खाच असली तर प्लास्टिक तिच्यात शिरून आवळून बसतं, आणि मग साचा तरी फुटतो किंवा वस्तू तरी. गणपतीच्या मूर्ती करणारे कारागीर रबराचे साचे वापरतात. रबर वाकतं, सोंडेच्या वळणातूनही सोलून काढता येतं. इथे कठीण साच्याला ती सवलत नाही. म्हणून मुखवट्याचा शिल्पकार प्रत्येक उभ्या भिंतीला तीन ते पाच अंशांचा उतार देतो, ज्याला वर्कशॉपमध्ये 'टेपर' म्हणतात, आणि प्रत्येक खाच भरून काढतो. जे उरतं ते उत्थित शिल्प. मंदिराच्या भिंतीवरच्या उठावाच्या आकृतीशी याची सोयरीक आहे, गाभाऱ्यातल्या मूर्तीशी नाही.

शेवटी हनुवटीखाली किंवा कानाच्या टोकाशी एखादी चुणी दिसेल. दोन उंच भाग जवळजवळ असले की त्यांच्यामधल्या शीटला खाली जायला जागा कमी आणि प्लास्टिक जास्त. मग ते दुमडून स्वतःलाच चिकटतं. कारखान्यातला मुकादम असा नग बाजूला टाकेल. मला मात्र त्या मुखवट्यात ही एकच जागा अशी वाटते जिथे प्लास्टिकनं साच्याचं ऐकलेलं नाही.

इतकं वाचल्यावर मुखवटा ओढणाऱ्या यंत्राकडे वळावंच लागतं, कारण ते घरी होऊ शकतं. जगभर हौशी लोक ते करतात. नाटकाचं सामान करणारे, विमानांचे छोटे नमुने करणारे, आणि एके काळी तर पोरंही: अमेरिकेत साठच्या दशकात मॅटेल कंपनीनं मुलांसाठी तापणाऱ्या पाट्याचं एक खेळणं काढलं होतं, त्यात चिमुकल्या शीटवर हातानं हवा ओढून गाड्या आणि बिल्ले करता येत. आजचा कुठलाही सुरक्षा अधिकारी ते पाहून डोक्याला हात लावेल.

घरच्या यंत्राचे भाग मोजायला बोटं पुष्कळ होतात. एक बंद पेटी, जिच्या झाकणाला चाळणीसारखी भोकं. पेटीच्या कुशीत एक मोठं भोक, त्याला व्हॅक्यूम क्लीनरची नळी. शीट धरायला दोन सारख्या चौकटी, अर्ध्या इंची ॲल्युमिनियम अँगलच्या किंवा लाकडी, आणि त्यांना आवळायला कागदाच्या गठ्ठ्याला लावतात ते काळे चिमटे. वर तापवायला शेगडीची कॉइल किंवा मोठा ओव्हन. म्हसवडच्या बाजारपेठेत एका दुपारी यातलं बहुतेक सामान मिळेल: प्लायवूड आणि फेव्हिकॉल, फटी बुजवायला एम-सील, पेटीच्या तोंडाभोवती लावायला दारं-खिडक्यांची फोमची पट्टी.

आपल्याकडच्या घरगुती यंत्रांत ज्याच्याशी याची तुलना व्हावी ते द्रोण-पत्रावळीचं यंत्र. त्यात तापलेले दोन डाय असतात, एक उठावाचा आणि एक खोलगट, आणि कागद त्यांच्यामध्ये दाबला जातो. दोन्ही डाय एकमेकांशी तंतोतंत जुळावे लागतात, म्हणून डायची जोडी महाग, आणि नवा आकार हवा तर नवी जोडी. या पेटीला एकच साचा पुरतो. दुसरा डाय वरून वातावरण पुरवतं, ते कुठल्याही साच्याला हुबेहूब बसतं आणि त्याचं भाडं नाही. माझ्या मते या यंत्राची खरी प्रतिभा इथे आहे. कारागीर कुठेही दाबत नाही. तो फक्त एका बाजूची हवा काढून घेतो.

ती हवा किती दाबते? दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. तीस सेंटिमीटर चौरस शीटवर नऊशे किलो. माणदेश पठारावर आहे, तिथे हे वजन मुंबईपेक्षा काही टक्के कमी भरेल, पण त्यानं मारुतीच्या नाकात फरक पडत नाही. फरक व्हॅक्यूम क्लीनरमुळे पडतो. तो पूर्ण निर्वात कधीच करू शकत नाही, वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक पंचमांश इतकाच फरक निर्माण करतो. म्हणजे नऊशेतले एकशे ऐंशी किलो. पातळ शीटला तेवढे पुरे होतात, कारण व्हॅक्यूम क्लीनरची ओढ कमी असली तरी तो हवा भराभर उपसतो, आणि इथे झपाट्याला महत्त्व आहे. शीट दर सेकंदाला गार होत असते. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर नेमका उलट्या स्वभावाचा. ओढ जबरदस्त, पण सावकाश. म्हणून चतुर लोक कॉम्प्रेसरनं आधी एक जाड लोखंडी टाकी रिकामी करून ठेवतात आणि ऐनवेळी व्हॉल्व्ह उघडतात. टाकी जाडच हवी. पातळ पत्र्याचं पिंप आतून रिकामं केलं तर बाहेरची हवा ते चेपून टाकते, आणि सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिकेनं तांब्याच्या दोन अर्धगोलांना घोडे जुंपून हवेचं जे बळ लोकांना दाखवलं ते अंगणात फुकट पाहायला मिळतं.

व्हॅक्यूम क्लीनरबद्दल आणखी एक गोष्ट. त्याच्या पुष्कळ मोटारी ओढलेल्या हवेवरच गार होतात. शीटनं पेटीचं तोंड बंद केलं की हवा थांबते आणि मोटर तापू लागते. त्यामुळे बटण काही सेकंदांपुरतंच दाबायचं. तेवढ्यात काम होतं. होत नसेल तर गळती शोधावी, बटण दाबून धरू नये.

आणि आता तो भाग, ज्यासाठी लोक हे यंत्र एकदा केल्यावर सोडत नाहीत. शीट कॉइलखाली धरली की पहिल्यांदा काहीच होत नाही. मग ती अचानक सुरकुतते. कारखान्यात शीट लाटताना तिच्यात जो ताण भरलेला असतो तो सैल होऊ लागतो आणि ती वेडीवाकडी होते. नवखा माणूस इथे घाबरून चौकट काढतो. थांबावं. सुरकुत्या जातात, शीट पुन्हा सपाट आणि चकचकीत होते, डफावरच्या कातड्यासारखी ताणलेली. आणि मग, मधोमध, तिला झोळ पडू लागतो. हा झोळ म्हणजे घड्याळ. थर्मामीटरवाले सांगतील की पॉलिस्टायरिन दीडशे अंशांच्या पुढे कामाला येतं, पीव्हीसी त्याच्या जरा आधी; पण घरच्या कॉइलखाली शीटचा मधला भाग आणि कोपरा यांचं तापमान कधीच सारखं नसतं, आणि झोळ दोघांची सरासरी काढून सांगतो. झोळ कमी असताना ओढलं तर नाक अर्धवट उमटतं. जास्त झाला तर चुण्या पडतात, किंवा शीट साच्यावर टेकताना विरते. योग्य झोळाची वेळ फार थोडी असते. तेवढ्यात चौकट उचलून साच्यावर आणायची, फोमवर दाबायची आणि बटण दाबायचं. फुस्स असा आवाज होतो आणि साच्यातली प्रत्येक रेघ एकदम वर उमटते.

प्रत्येक प्लास्टिकचा इशारा वेगळा. पॉलिप्रॉपिलीन गार असताना दुधी असतं. तयार झालं की काचेसारखं पारदर्शक होतं, आणि गार होताना पुन्हा दुधावर येतं. पॉलिकार्बोनेट हवेतली ओल पिऊन बसतं, आधी ओव्हनमध्ये वाळवलं नाही तर त्यात बुडबुड्यांचा पाऊस पडतो. पीव्हीसीला जास्त तापवलं तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती नाकाला झोंबते, फुप्फुसाला आणखी वाईट. हे काम उघड्यावर किंवा वारा खेळत असलेल्या पडवीत करावं, चामडी हातमोजे घालून, आणि कॉइलच्या तारा उघड्या राहणार नाहीत याची खातरजमा इलेक्ट्रिशियनकडून करून घेऊन. हे सांगताना मला शाळामास्तर झाल्यासारखं वाटतं, पण कॉइल कुणाच्या रसिकतेची कदर करत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती प्लास्टिकची आठवण. या पद्धतीनं ओढलेला मुखवटा पुन्हा तापवला तर तो वितळून गोळा होत नाही. नाक हळूहळू खाली बसतं, गाल परत भरतात, भुवया पुसल्या जातात आणि हातात जवळजवळ पहिली सपाट शीट येते. म्हणजे उसनं घेतलेलं प्लास्टिक कधी नाकाचं झालेलंच नव्हतं. गारठ्यानं फक्त वसुली थांबवून धरली होती. बिघडलेला नग दुसऱ्यांदा तापवून वापरता येतो तो यामुळेच. पितळ किंवा प्लास्टर यांना अशी आठवण नसते.

साचा कशाचा करावा हा प्रश्न रसिकांचा नाही, पण कारागिराचा आहे, म्हणून दोन वाक्यं. प्लास्टर ऑफ पॅरिस स्वस्त आणि बारकावे छान धरतं, फक्त ते आतपर्यंत वाळलेलं पाहिजे. ओलं राहिलं तर गरम शीटखाली त्याची वाफ होते. लाकूड टिकतं. भोकं एक मिलिमीटरच्या आतली, आणि ती मारायची जिथे शीट सर्वांत शेवटी पोचते तिथे: डोळ्यांच्या खाचा, ओठांची रेघ, नाकाच्या मुळाशी दोन्ही बाजू. शिल्प कुठे संपलं हे डोळ्यांना दिसतं. हवा कुठे अडकणार हे आधी डोक्यात दिसावं लागतं.

साताऱ्याच्या मातीत हवेनं घडवण्याचं काम नवं नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला, आणि पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. फुंकून केलेल्या काचेतही तोच व्यवहार असतो. काचेचा लोळा तेवढाच, फुगवाल तितका पातळ. पण तिथे हवा आतून येते, माणसाच्या छातीतून, आणि फुंकणाऱ्याला नळी फिरवता येते, गुरुत्वाकर्षणाशी खेळता येतं, जाडी कुठे ठेवायची ते हातानं ठरवता येतं. पेटीवाल्याला ते स्वातंत्र्य नाही. बटण दाबल्यानंतर त्याच्या हातात काही उरत नाही. त्याची सगळी कारागिरी बटणाच्या आधीची.

मग याला कला म्हणायचं का? हा वाद एकदा खरंच कोर्टात गेला होता. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' सिनेमातले पांढऱ्या चिलखतातले शिपाई आठवत असतील. त्यांची शिरस्त्राणं लंडनच्या ट्विकनहॅममध्ये अँड्र्यू एन्सवर्थ नावाच्या कारागिरानं याच पद्धतीनं ओढली. चित्रं एकाची, मातीचा नमुना दुसऱ्याचा, प्लास्टिक तिसऱ्याचं. पुढे एन्सवर्थ जुन्या साच्यांवरून नवी शिरस्त्राणं काढून विकू लागला आणि सिनेमा काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं. इंग्लंडच्या कायद्यात शिल्प असेल तर संरक्षण मोठं. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हे शिरस्त्राण शिल्प नव्हे. सिनेमा तयार करण्याच्या कामात लागलेली ती उपयोगाची वस्तू आहे.

कायदा म्हणून निकाल बरोबर असेलही. रसिक म्हणून मला तो कोरडा वाटतो. त्या शिरस्त्राणाकडे बघा. माणसाचं अख्खं डोकं एका साच्यावरून कधीच निघत नाही, मान डोक्यापेक्षा अरुंद असते. म्हणून ते पुढचं-मागचं असं तुकड्यांत ओढून जोडावं लागलं, आणि जोड जिथे येतो तिथे कानांवर वेगळे तुकडे बसवले. प्रेक्षकाला ते कान यंत्राचा भाग वाटतात, कडक शिस्तीच्या सैन्याला शोभणारे. खरं तर ते सांधा झाकतात. यंत्राची अडचण वेशभूषेचा अलंकार होऊन बसली. याला शिल्पाची बुद्धी नाही म्हणायचं तर आपण शिल्प कशाला म्हणतो ते पुन्हा तपासायला हवं.

मारुती आणि शिपाई दोघेही दिखाऊ झाले. माणदेशात या पद्धतीचं सर्वांत सुंदर काम मी ज्याला म्हणेन ते नर्सरीत, शेडनेटखाली, जमिनीवर ओळीनं मांडलेलं असतं: रोपांचे प्रो-ट्रे. काळे, अठ्ठ्याण्णव किंवा एकशे चार कप्प्यांचे. पर्जन्यछायेतल्या या भागात टोमॅटोचं, मिरचीचं, फ्लॉवरचं बी थेट रानात टाकून पाण्याची वाट बघणं परवडत नाही. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, कप्प्याला एक बी, आणि रोप लावणीजोगं झालं की रानात. कप्पा वर रुंद, खाली निमुळता. तो तसा का? एक उत्तर आपण आधीच पाहिलं: उतार नसता तर ट्रे साच्यावरून निघालाच नसता. पण पुढे काय होतं ते पाहा. रोप काढताना बाई खालून बोटानं टिचकी मारते, देठाला धरते, आणि मुळांनी आवळलेला कोकोपीटचा गड्डा एकही मूळ न तुटता सरळ वर येतो. ज्या उतारानं ट्रे साच्यातून सुटला त्याच उतारानं रोप ट्रेमधून सुटतं. कारखान्याची गरज आणि मुळाची गरज एकाच उतारात भागली. कप्प्याचा तळ सर्वांत पातळ, तो तर तसाही पाणी निचरायला फोडायचाच असतो. जिथे प्लास्टिक उरलं नाही तिथेच भोक. मला यापेक्षा काटकसरीचा आकार माहीत नाही.

मग घरच्या पेटीनं काय करावं? प्रो-ट्रे करू नयेत, ते कारखान्यात लाखांनी निघतात आणि स्वस्त असतात. मारुतीही नको. घरच्या पेटीचा मान तिथे आहे जिथे प्रती थोड्या लागतात आणि प्रत्येक आकार एका विशिष्ट गरजेचा असतो. हाडांच्या आणि मेंदूच्या आजारांत पायाला आधार देणारे जे प्लास्टिकचे पट्टे असतात ते असेच होतात: रुग्णाच्या पायाचा प्लास्टरचा नमुना, त्यावर तापून पारदर्शक झालेलं पॉलिप्रॉपिलीन, आतून निर्वात, आणि मग करवतीनं कापून सोडवलेलं. तिथे साचा एका माणसाचा आणि वस्तूही त्याच माणसाची. पण ते काम तज्ज्ञांचं. पेटी घरात आहे म्हणून कुणी पाय हातात घेऊ नये.

दुसरं काम मात्र कुणालाही करता येईल. दृष्टिहीन वाचकांसाठी ब्रेलची पानं प्लास्टिकच्या शीटवर याच पद्धतीनं उमटवण्याची यंत्रं साठच्या दशकापासून आहेत, आणि आपल्याकडे आयआयटी दिल्लीतल्या मंडळींनी पाठ्यपुस्तकांतली चित्रं स्पर्शानं वाचता येतील अशी करण्यासाठी तापवून साच्यावर ओढलेल्या शीटच वापरल्या आहेत. घरच्या पेटीनं एका साच्यावरून पाच-पंचवीस प्रती, एवढंच आपलं गणित. तर म्हसवडचा, बोटांनी वाचायचा नकाशा करावा. माणगंगा इथल्याच डोंगरातून निघून भीमेकडे जाते, ती एक सलग उठावाची रेघ, बोटाच्या टोकाला न अडखळता कळेल एवढी रुंद. ब्रिटिशकाळातला राजेवाडीचा तलाव म्हणजे बारीक ठिपक्यांचा पोत, कारण सपाट पाणी आणि सपाट जमीन बोटाला सारखीच लागते. सिद्धनाथाच्या देवळाचं शिखर शंकूचं. शंकूला उतार मुळातच असतो, तो अलगद सुटेल. त्याची उंची नदीच्या रेघेपेक्षा दुप्पट ठेवावी, त्याहून जास्त नाही, नाहीतर टोकाला प्लास्टिक पुरणार नाही. आणि रथाचा मार्ग तुटक रेघेचा. साचा उठावाचा घ्यावा की खोलगट, हा प्रश्न इथे पुन्हा येतो. मी खोलगट घेईन, म्हणजे साच्याची धारदार बाजू वाचणाऱ्याच्या बोटांकडे येईल. शिखराचं टोक त्यात थोडं पातळ होईल, म्हणून एक मिलिमीटरच्या ऐवजी दीड मिलिमीटरची शीट घ्यावी आणि झोळ जरा जास्त पडू द्यावा.